वन्संसाठी ठरवलेली मोटार

मोटार ठरवताना मी तिच्या गादीवर बसून उड्या मारल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसायला कुणाला माझी परवानगी नको. तेव्हा मी विशीतली. काष्टा घट्ट आणि डोकं सैल. पुढे काशीपर्यंत जाऊन आले, पण आंबीहून लोणावळ्यापर्यंतच्या त्या एवढ्याशा प्रवासात जी धास्ती खाल्ली, ती नंतर कुठेच वाट्याला आली नाही.

न्यायचं होतं वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाईंना. माहेरपणाला आल्या आणि माळ्याच्या शिडीवरून पडल्या. तेव्हापासून कमरेखाली पाय असून नसल्यासारखे. टेकून बसता यायचं, आणि डाव्या पायाचा अंगठा तेवढा हलायचा. त्या अंगठ्यावर आमच्या सगळ्या घराचा जीव टांगलेला. तळेगावचे डॉक्टर म्हणाले, "मुंबईचे हाडांचे डॉक्टर लोणावळ्याला हवा खायला आलेत, त्यांना दाखवा. पण जपून न्या. मोठा हिसका बसला तर आहे तेही जाईल."

आगगाडीचं नाव कुणी काढत नव्हतं. मागे एकदा घोरावाडी स्टेशनावर त्यांना डब्यात चढवताना चादर सुटली होती आणि त्या फलाटावर आपटता आपटता वाचल्या होत्या. तेव्हा मोटारच करायची ठरली. 'हे' डॉक्टरांची वेळ घ्यायला आणि बिऱ्हाडाची सोय करायला पुढे लोणावळ्याला गेले, आणि मोटार ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच हौसेनं घेतलं.

तळेगावात भाड्याच्या मोटारी दोन. एक हसनभाईंची, लांबलचक, कापडी टपाची. तिच्या चामड्याच्या बैठकीला भेगा पडलेल्या. तिच्यात बसले तर पाटावर बसल्यासारखं वाटलं. दुसरी एका व्यापाऱ्याची, लग्नसराईत नवरानवरीसाठी काढायची. लाल मखमल, खिडक्यांना झालरीचे पडदे. तिच्यात बसले ती खोल गेले आणि वर आले. गंमत वाटली म्हणून पुन्हा बसले.

हसनभाई पान चघळत बघत होते. म्हणाले, "वहिनी, मोटारीत बसायचंय का झोपाळा खेळायचाय?"

मी नाक उडवलं आणि मखमलीची मोटार ठरवली. वन्संना विचारावं असं मनातही आलं नाही. त्यांना बाजारात उचलून आणणं बरं दिसलं नसतं, आणि मऊ गादीला कोण नको म्हणणार, अशी माझी समजूत. पडद्याआडून मी कशी दिसेन, हाही विचार होताच. खोटं कशाला सांगू?

मार्गशीर्षातल्या एका सकाळी निघालो. चौघांनी चादरीची झोळी करून वन्संना गाडीत ठेवलं. "नवरी निघाली," वन्सं म्हणाल्या, "रडा कुणीतरी." सगळे हसले. मीही हसले. ते हसू वडगावपर्यंतही टिकलं नाही.

रस्ता खडीचा, पावसाळ्यानं उखडलेला. गाडी खड्ड्यात एकदा जायची आणि गादी मात्र उसळतच राहायची. मी पाय रोवून बसले होते, म्हणून मला ते झुलणं वाटत होतं. वन्संचे पाय रिकाम्या पिशव्यांसारखे लोंबत होते. दर उसळीला त्या मखमलीवरून पुढे घसरायच्या, मी काखेत हात घालून वर ओढायची, की पुन्हा घसरायच्या. ओढतानाच हिसका बसेल म्हणून शेवटी त्यांना नुसतं कवटाळून बसले.

"जरा हळू घ्या हो," मी ड्रायव्हरला म्हटलं. त्याचं नाव दगडू.

"ह्याच्याहून हळू म्हंजी तुमी उतरून ढकला," दगडू म्हणाला.

वडगाव मागे पडलं आणि वन्संचं बोलणं बंद झालं. वन्संचं बोलणं आमच्या घरात कधी बंद झालं नव्हतं. झोपेतही कुणाला तरी रागवायच्या. ओठ मिटलेले, कपाळाला घाम. बांधाबांधांची भातखाचरं कापून झाली होती, डावीकडे लोहगड-विसापूर उन्हात स्वच्छ दिसत असणार. मी त्यातलं काही पाहिलं नाही. मी फक्त अंगठा पाहत होते.

कामशेतचा चढ लागला. गाडी मागे कलली, धापा टाकायला लागली, पुढून वाफ निघाली आणि एक आचका देऊन थांबली. त्या आचक्यासरशी वन्सं माझ्या हातून सुटल्या आणि दोन बैठकांच्या मधल्या जागेत जाऊन अडकल्या.

"वन्सं, अंगठा हलवा."

"हलवतेय."

अंगठा हलत नव्हता.

"पुन्हा हलवा."

"हलवतेय की गं. हलतोय ना?"

"हो," मी म्हटलं. आजवर मी थापा पुष्कळ मारल्या, पण ती एक मारताना वन्संकडे पाहिलं नाही.

रस्त्याकडेच्या खळ्यावरून एक बाई हातात विळा घेऊन धावत आली. "काय झालं वं? बाय पडली व्हय? लय लागलं का?"

मी तोंड उघडायच्या आत खालून वन्संचा आवाज आला. "लागलं तर. ही मला मखमलीवर घसरगुंडी खेळवतेय. मावशी, भाताचा पेंढा आहे का?"

"ढीग पडलाय. किती पायजे?"

"मी रुतून बसेन इतका. आणि ही गादी काढा आधी."

दगडू आडवा आला. "गादीला हात लावायचा न्हाई. मालक मला ठेवायचा न्हाई."

"मग मला इथे ठेव," वन्सं म्हणाल्या, "आणि गादी ने डॉक्टरांकडे."

गादी निघाली. खालच्या लाकडी सांगाड्यात मावशीनं पेंढा दाबून भरला. तिघांनी मिळून वन्संना अलगद उचलून त्यात बसवलं. पायांखाली, दोन्ही बगलांना, पाठीशी, जिथे वन्सं सांगतील तिथे आणखी एक मूठ. मग माझ्या शालीनं त्यांना बैठकीच्या पाठीला बांधलं. आढीतला आंबा दिसावा तशा दिसत होत्या. "आता कुटं हलत्यात त्या," मावशी म्हणाली. आम्ही दोघींनी तिचं भाकरी-पिठलं खाल्लं. माझा डोळा अंगठ्यावरच. वन्सं मात्र मिरची मागून खात होत्या.

इंजिन निवालं आणि पुन्हा निघालो. खड्डे तेच होते, पण वन्सं जागच्या हलत नव्हत्या. माझी भीती मात्र शेजारी बसूनच होती. सांगू की नको? डॉक्टरांसमोर कळलं तर? मोटार मी ठरवली, तेव्हा गेला असेल तर तो अंगठा मीच घालवला. कार्ल्याचा डोंगर उजवीकडून मागे गेला. घाटावरचा गार वारा लागायला लागला तरी माझी मान खाली वळेना.

वळवणच्या जवळ वन्सं म्हणाल्या, "दुर्गे, बघ गं, डाव्या पायाला काहीतरी टोचतंय."

वाकून पाहिलं. एक काडी अंगठ्याच्या बेचक्यात रुतली होती, आणि अंगठा तिला बाजूला सारत होता. सावकाश, पण सारत होता.

"रडतेस कशाला?"

"पेंढ्याचं कुसळ गेलं डोळ्यात."

डॉक्टरांचा बंगला कुरवंड्याच्या वाटेवर होता. वन्संच्या केसांतल्या काड्या काढतच त्यांनी पाठ तपासली. मग आडपडदा न ठेवता म्हणाले, "हाड जुळलंय, पण वाकडं जुळलंय. पाय परत येणार नाहीत. बसणं मात्र जाणार नाही." वन्सं बराच वेळ खिडकीतून समोरच्या नागफणीच्या कड्याकडे पाहत राहिल्या. मग 'ह्यां'ना म्हणाल्या, "शेंगदाण्याची गुडदाणी आण. लोणावळ्याला येऊन तोंड कडू घेऊन जायचं नाही मला."

परतीच्या दिवशी 'ह्यां'नी स्टेशनाबाहेरची एक मोटार पसंत केली. वन्सं म्हणाल्या, "उचला मला." पहिलीत बसल्या, डोळे मिटले, ड्रायव्हरला फाटकाच्या रुळांवरून नेऊन आणायला सांगितलं. "नको." दुसरी, "नको." तिसरी इतकी कळकट की मी पदर नाकाला लावला. बैठक खोलगट, चामडं झिजून खरबरीत झालेलं, पाठ मागे रेललेली, दाराशी धरायला पट्टा. रुळांवरून येऊन वन्संनी डोळे उघडले. "ही."

लोक थांबून बघत होते. ते काही वाईट दिसत नव्हतं.

परत येताना मी तळेगावपर्यंत अंगठाच पाहिला. वन्सं बाहेर बघत होत्या. "लोहगड हा की पलीकडचा?" त्यांनी विचारलं, आणि मला सांगता आलं नाही. पुढे वन्सं मोटारीनं खूप फिरल्या. दर वेळी बसून बघायच्या, मग निघायच्या. मी शेजारी असायची, भीतही असायची. ती भीती शेवटपर्यंत गेली नाही, मी फक्त तिला बोलू देईनाशी झाले.

आंबीला उतरताना मी म्हटलं होतं, "वन्सं, पुढच्या खेपेला मी नीट बघून मोटार ठरवीन."

त्या म्हणाल्या, "ठरव की. पण बघायला जाशील तेव्हा तुझे पाय घरी ठेवून जा."