लाल चिंधीचं शेपूट

आमच्या खात्यात लाल चिंधीला मोठा मान. टर्बाइन दुरुस्तीला उघडलं की जो पाइप सुटेल त्याच्या तोंडात ती कोंबायची, म्हणजे आत नट-वॉशर पडत नाही. तिचं वीतभर शेपूट बाहेर लोंबत ठेवायचं, म्हणजे पाइप परत जोडताना ती विसरत नाही. कोंबलेल्या मोजायच्या, काढलेल्या मोजायच्या, मग मिस्त्रींनी सही करायची.

पण आमचं वीजकेंद्र खाडीच्या काठावर, आणि खारा वारा उघड्या तोंडाला बघता बघता गंज चढवतो. म्हणून त्या मे महिन्यात मी डोकं चालवलं. शेपटं आत दुमडली आणि वरून चिकटपट्टी मारली. कुणी सांगितलं नव्हतं. नको तिथे हुशारी दाखवायची मला खोडच आहे.

जोडणी झाल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "समद्या निघाल्या?"

"निघाल्या."

त्यांनी सही केली. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलेलं. निवृत्तीला आठ दिवस उरले होते आणि सगळ्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही ठपका नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालं आणि कंट्रोल रूममध्ये आमच्यासमोर एक आकडा चढायला लागला. तो चकतीशेजारच्या पोकळीचा होता. टर्बाइनची फिरती चकती आणि तिच्या बाजूचा स्थिर भाग यांच्यामध्ये ही पोकळी असते. पात्यांमधून वाहणारा तापलेला वायू फटीतून तिच्यात घुसायला बघतो. त्याला थोपवायला कॉम्प्रेसरची हवा पाइपाने आत सोडतात, ती बाहेर रेटत राहते. आमच्या खारभूमीतल्या भातशेतीसारखंच ते. शेतात पावसाचं गोडं पाणी भरलेलं असलं की खाडीचं खारं वर येत नाही. हवा कमी पडली की वायू आत शिरतो, चकती तापून कमजोर होते. ती फुटली तर बाहेरचं जाड कवचही तिला आवरत नाही.

तापमान सांगणारे सेन्सर दोन. त्यातला एक आधीच मेलेला होता.

"हाही गंडला," साहेब म्हणाले. वीज हवी म्हणून वरून फोनवर फोन येत होते. "पोकळी कशाला तापेल? कालच तर सगळं तपासलंय. लोड वाढवा."

आकडा आणखी चढला. मी मनातल्या मनात एकेका पाइपापाशी जाऊन आलो. त्या पोकळीच्या पाइपावरची चिकटपट्टी ओढल्याचं मला आठवत होतं. चिंधी हाताला लागल्याचं आठवत नव्हतं.

काचेपलीकडे चार कामगार मशीनला खेटून पाइपांवर उष्णता अडवणाऱ्या गाद्या बांधत होते. मागे भिंतीला टेकून मिस्त्री उभे होते, आकड्याकडे बघत. मी बोललो तर त्यांची सही खोटी ठरत होती. सेन्सरवर ढकललं तर कदाचित निभावलंही असतं. कदाचित.

माझे वडील उधाणाच्या भरतीला बांधावर फिरायचे. बांधाला खांड पडलेली दिसली की आधी बोंब मारायची, ती पाडणारं खेकड्याचं बीळ कुणाच्या हद्दीतलं ते मागाहून बघायचं, असा आमच्या गावचा रिवाज. त्या क्षणी मला तो नकोसा वाटला.

"साहेब, मशीन थांबवा. पाइपात चिंधी राहिली असेल. माझ्या हातून."

"असेल म्हणजे? नक्की सांग."

"नक्की नाही सांगता येत."

"आणि तपासल्याची सही कुणाची आहे?"

मला मागे वळून बघवेना. मागूनच आवाज आला, "माझी हाय. बंद करा, साहेब."

मशीन थांबलं. पाइप हात लावण्याइतका गार व्हायला दुपार उलटली. मीच बोल्ट सोडले. आत जिथे पाइपाचं भोक लहान होतं तिथे चिंधी बोळा होऊन अडकली होती, कडा करपलेल्या. शेपूट मी दुमडलं होतं तसंच होतं.

दोघांनाही लेखी ठपका मिळाला. मिस्त्रींच्या निरोपाला साहेब फिरकले नाहीत. शेवटच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच असताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"नको. मी मोजल्या व्हत्या. एक कमी भरली. म्हटलं, मीच मोजायला चुकलो आसंन, तू न्हाय चुकायचा." मग शर्टाचं बटण लावत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् तो आकडा चढताना मना ठावं व्हतं. आठ दिसांसाठी गप र्‍हायलो."

मला त्यांचा राग आला, खरंच आला. गाद्या बांधणारे ते चौघं डोळ्यांसमोर उभे राहिले. मग बाहेर लोंबणारी शेपटं आत दुमडणारे माझे हात आठवले.

मी पुन्हा वाकलो. या वेळी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.