छायाचा मारवा

दहिवलीच्या छायाकडे मारवा रागाची बावीस रेकॉर्डिंगं आहेत. एक गायक कोमल रिषभाच्या स्वरावर रेंगाळतो, दुसरा झटकन निसटतो, असे फरक ती वहीत टिपते. समोर बसून गाणं मात्र तिने कधीच ऐकलेलं नाही, कारण तिला हा नाद लागायच्या आधीपासून, नऊ वर्षं, सासूबाई सोनुबाई अंथरुणाला खिळून आहेत.

परवा संध्याकाळी कर्जतला मैफल होती, मारवाही गायला जाणार होता. सोनुबाईंजवळ बसायला येणाऱ्या नणंदेने ऐनवेळी नाही म्हणून कळवलं.

"जा गं तू. मला काय होत नाय," सोनुबाई म्हणाल्या.

छाया फाटकापर्यंत गेली. मागून खोकल्याची उबळ ऐकू आली, तशी धावत परतली आणि त्यांना उठवून बसवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या हर्षलाने मैफलीत मोबाइलवर घेतलेलं गाणं आणून दिलं. मारवा संपून टाळ्या सुरू होताच छायाने ते बंद केलं.

"कसं हाय गं गाणं?" सोनुबाईंनी विचारलं.

"चांगलं आहे, आई," म्हणत तिने त्यांची कूस बदलली.