काय घ्यायचं ते काका सांगतील

माणसाला काय हवं असतं हे त्याचं त्याला कधीच कळत नाही, ते दुसऱ्यानेच सांगावं लागतं, आणि असं सांगणारा अख्ख्या बंगळुरात एकच आहे, याबद्दल माझ्या बायकोच्या काकांना तिळमात्र शंका नव्हती. काका पेशाने शिंपी. चिकपेटेतल्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. सूट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आरशासमोर उभं करत, गळ्यात टेप अडकवून दोन पावलं मागे सरत आणि त्याने हौसेने आणलेलं कापड घडी घालून परत देत. "हे मेव्हण्याला द्या. तुम्हाला राखाडी." गिऱ्हाईक मुकाट्याने राखाडी कापड घेऊन येई. शहरातले निम्मे नवरदेव काकांच्या पसंतीच्या कोटात बोहल्यावर चढले, असा त्यांचा दावा होता. उरलेल्या निम्म्यांविषयी ते फार हळहळून बोलत.

पण हा झाला पोटापाण्याचा धंदा. काकांची खरी कर्तबगारी दिसायची शनिवारी संध्याकाळी. घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं, घरातल्या मराठीला कानडीची फोडणी, आणि शनिवारी मांस-मच्छी वर्ज्य. काकांची जीभ मात्र शनिवार पाळायला तयार नसे. त्यावर बळेपेटेच्या कोपऱ्यावर तोड निघाली होती. तिथे भाज्यांच्या कबाबांची एक खिडकी होती. खिडकीच म्हणायची, कारण बसायला जागा नव्हती. केळीच्या पानात बांधलेलं पार्सल घ्यायचं आणि चालू लागायचं. आतला म्हातारा पूर्वी कॅन्टोन्मेंटात एका गोऱ्या साहेबाकडे बटलर होता. साहेब विलायतेला गेला, सळया बटलरकडे राहिल्या. पुढे वयोमानाने त्याने मांस सोडलं आणि त्याच सळयांवर सुरण, कच्चं केळं, फणस, बीट, नवलकोल, बाजारात जे मिळेल ते उकडून, वाटून, मसाला लावून तो भाजू लागला. सगळी गल्ली त्याला बटलरच म्हणायची.

या खिडकीपुढच्या रांगेत काका उभे राहिले की रांग त्यांची होत असे. तिथे काय घ्यावं याचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं. सुरुवात सुरणाने. सुरण घशाला खाजला तर त्या दिवशी बटलरचं चित्त ठिकाणावर नाही, सरळ घरी जावं. मग फणस, पण तो फक्त आवाज वापरणाऱ्यांनी. कच्चं केळं बायकामुलांना. बीट दिसायला चांगलं, म्हणून पाहुण्यांना. नवलकोल ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. आणि बटाटा कुणीच घ्यायचा नाही. "बटाटा भाजायला बटलर कशाला पाहिजे? बटाटा काय, उन्हात ठेवला तरी भाजतो!" पुढे उभा असलेला एक वकील एकदा बीट मागत होता. काकांनी मागूनच त्याच्या खांद्यांचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, बीट नको. उद्या कोर्टात बोलायचंय ना? फणस घ्या." वकिलाने फणस घेतला. दुसऱ्या दिवशी खटला हरला, तेव्हा काका म्हणाले, "फणस घेतला म्हणून एवढ्यावर निभावलं." एका शनिवारी काका तापाने पडले तर निम्मी रांग काय घ्यावं हे न सुचून रिकाम्या हातांनी परत गेली, असं मला खुद्द काकांनीच सांगितलं.

या रांगेत मी आलो तो लग्नाचा उमेदवार म्हणून. मी मूळचा निपाणीचा, के. आर. पुरमजवळच्या कारखान्यात नोकरीला. ओळखीतून स्थळ आलं. मुलीचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते आणि एकट्या काकांनी तिला वाढवलं होतं. बघण्याच्या वेळी उप्पिट्टाची बशी देताना माझ्या कोटाकडे बघून तिला हसू फुटलं, ते तिने ओठ दाबून आवरलं, आणि माझं तिथेच ठरलं. काका मात्र म्हणाले, "सरी, ठीक आहे. शनिवारी बटलरकडे या. मग बोलू."

मी वेळेच्या आधी पोचलो. बटलरने खिडकीतून विचारलं, "एनु बेकु?" काय हवं एवढाच प्रश्न. माझ्यावर झालेल्या संस्कारांप्रमाणे मी हात जोडून काकांना म्हणालो, "तुम्ही सांगाल ते."

मला वाटलं, खूश होतील. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी मला सुरण दिला, स्वतः काही घेतलं नाही, आणि सोमवारी निरोप आला: नकार. मध्यस्थाने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याला स्वतःपुरता कबाब मागता येत नाही, त्याच्या घरात माझ्या पोरीची बाजू कोण घेणार?" आयुष्यभर लोकांना "मी सांगतो ते घ्या" म्हणणाऱ्या माणसाने मला त्याचं ऐकल्याबद्दल नापास करावं! मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ती मुलगी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पुढच्या शनिवारी मी काकांच्या आधी रांगेत जाऊन उभा राहिलो. ते आले, माझ्यामागे उभे राहिले. माझी पाळी आली तसा मी मोठ्याने म्हणालो, "मला दोन नवलकोल. आणि काका, तुमच्या पुतणीसाठी न्यायचेत. तिला कुठला आवडतो?"

"कच्चं केळं," काका ताबडतोब म्हणाले.

"तिने सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी नेतो, ती खाते."

"पण आवडतं का?"

बटलर सळी फिरवायचं थांबवून काकांकडे बघत होता. रांगही ऐकत होती. काकांना उत्तर येत नाही, असं त्या खिडकीपुढे प्रथमच घडत होतं. "स्वल्प थांबा," ते म्हणाले, आणि मग माझं मनगट धरून, "चला घरी."

ती एका कोटाची काजं करत बसली होती. काका दारातूनच म्हणाले, "तुला कबाब कुठला आवडतो गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बटाट्याचा. शेजारच्या अक्कांनी एकदा दिला होता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत, काका."

काका तसेच मागे वळले. अर्ध्या तासाने धापा टाकत परत आले, पान सोडून बटाट्याचे कबाब तिच्यापुढे ठेवले आणि ती खात असताना एकटक बघत बसले. तिने शेवटचा घास घेतला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लग्नाचा कोट मी शिवणार. राखाडी." एवढाच तो होकार.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि काका माझ्या कोटाची कॉलर सारखी करत होते. गाडी सुटायच्या आधी तिला जवळ घेऊन म्हणाले, "नुसतं सांगत आलो तुला. एकदा तरी विचारायला हवं होतं गं." इतक्या हलक्या आवाजात बोलताना मी त्यांना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "काका, बाकी सगळं मला आवडलेलं होतं."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या खिडकीलाही कधीचं कुलूप लागलं. त्यांची आठवण निघाली की ती हसते आणि मग उठून आत जाते. ती तेव्हा म्हणाली ते खरं होतं, की त्या एकट्या पडणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.