फिल्टरला लावलेलं तेल

सावद्याहून रावेरकडे जाताना डाव्या हाताला माझ्या धाकट्या भावाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड होतं. केळीची काढणी जोरात असली की त्याच्यासमोर ट्रॅक्टर रांगेने उभे असत. मग एका सकाळी अंघोळ करून बाहेर येताना तो मोरीच्या उंबऱ्यावर कोसळला. लकवा. उजवी बाजू गेली. जळगावच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा पाय ओढत का होईना चालत होता, बोलणं स्वच्छ होतं, थट्टामस्करीही पहिल्यासारखी. राहिला होता तो उजवा हात. बोटं वळत, पण बधिर होती. हातात पाना आहे की सुटून पडला हे त्याला बघूनच कळायचं.

मी धुळ्याला एका शाळेच्या कार्यालयात काम करते. सुट्टी मिळेल तशी जळगावमार्गे सावद्याला जायचे. गोळ्यांच्या वेळा, हाताचे व्यायाम, कोणाला फोन करायचे, सगळं मी कागदावर उतरवून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं होतं. घरात कोणी आजारी पडलं की मी हेच करते. रडण्यापेक्षा ते उपयोगी पडतं.

शेडमधले कामगार एकेक करून दुसरीकडे गेले. शेजारच्या टायरवाल्याला जागा भाड्याने हवी होती. भावजय म्हणायची, देऊन टाकू. भाऊ म्हणायचा, शेड दिलं तर मी सकाळी उठून जायचं कुठे? दोघांचं रोज यावरून वाजायचं. शेवटी भावजयीनेच तोडगा काढला. एक काम त्याने एकट्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवायचं. दाखवलं तर ती पुन्हा भाड्याचं नाव काढणार नाही. नाहीतर किल्ली टायरवाल्याला. "अक्का, तुम्ही साक्षीला," ती मला म्हणाली. मी हो म्हटलं.

काम आलं ते मात्र ट्रॅक्टरचं नव्हतं. ओळखीच्या केळी व्यापाऱ्याच्या मुलाने पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार आणली होती. लाल, बुटकी, दोन दारांची. आमच्या रस्त्यावर ती चालवायची म्हणजे प्रत्येक खड्ड्याला विचारून जावं लागणार. मागच्या सीटवर एक खोकं होतं. त्यात जाड चकचकीत पाइप, त्रिकोणी टोपीसारखा फिल्टर, पत्र्याचा एक आडोसा आणि बरेच क्लॅम्प.

"भाऊ, याला एअर इनटेक म्हणतात," तो म्हणाला. "कंपनीचा प्लास्टिकचा डबा काढायचा आणि हे बसवायचं. इंजिनाला हवा मोकळी मिळते."

"म्हणजे काय होतं?" मी विचारलं.

"पिकअप वाढतो थोडा. आवाज वाढतो जास्त."

"म्हणजे आवाजासाठीच."

"आवाजासाठीच, अक्का," त्याने हसून कबूल केलं. "जळगावला बाहेरचा पार्ट म्हटलं की कोणी बॉनेटही उघडत नाही."

"मग ट्रॅक्टरवाल्याकडे आलास?" भाऊ म्हणाला.

"आमच्या घरचे सगळे ट्रॅक्टर तुमच्या हाताखालून गेलेत. याची फक्त चाकं बारीक आहेत."

भावाने भावजयीकडे पाहिलं. ती शेडला लागून असलेल्या घराच्या दारात कोथिंबीर निवडत होती. तिने मान हलवली. हेच ते काम, असं ठरलं.

खोक्यातली माहिती इंग्रजीत होती. मी ती मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून काढली आणि एकेक ओळ वाचून दाखवायला उभी राहिले. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. हवेचा सेन्सर सांभाळून काढा, आतल्या बारीक तारेला बोट लावू नका. जुना डबा काढा. भाऊ डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो हात कामावर नेऊन ठेवायचा, जसं एखाद्याला खुर्चीवर नेऊन बसवावं. एक बोल्ट खाली इंजिनाच्या सांदीत पडला. मी पुढे झाले तर म्हणाला, "साक्षीदाराने हात लावायचा नसतो." लोहचुंबक बांधलेल्या काठीने त्याने तो स्वतःच काढला. घामाने बनियन भिजलं होतं, पण क्लॅम्प सरळ बसत होते. सेन्सर जुन्या डब्यातून नव्या पाइपात गेला, दोन्ही स्क्रू आवळले गेले. मला बरं वाटायला लागलं.

मग फिल्टर आला. मी वाचलं, "फिल्टर कंपनीतूनच तेल लावून येतो. पुन्हा तेल लावू नये."

भाऊ हसला. आम्ही भावंडं एकमेकांशी अहिराणीत बोलतो. "अक्का, आठली धूळ त्यासनी देखी शे का?" इथली धूळ त्यांनी पाहिली आहे का?

त्याचं म्हणणं कुठून आलं हे मला माहीत होतं. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरखाली तेलाची वाटी असते. हवा तेलावरून जाते, शेतातली धूळ तेलात बसते, आणि नांगरटीच्या दिवसांत त्या वाटीतून तेल नाही, चिखल निघतो. कोरडा फिल्टर म्हणजे इंजिनाचा जीव घेणं, हे आमच्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकच्या अंगात मुरलेलं. मी ती ओळ पुन्हा वाचली. तोवर त्याने कॅनमधलं तेल तळहातावर घेऊन फिल्टरला चोळलं होतं, वरून धार सोडली होती आणि निथळायला तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगलाही होता. मी पुढची ओळ वाचायला घेतली. गाड्यांचं त्याला जास्त कळतं, असं मला वाटलं.

निथळल्यावर फिल्टर बसला. गाडी सुरू झाली तेव्हा शेडचा पत्रा थरथरला. गाडीच्या मालकाने दोनदा उगाच रेस केली, आणि भाऊ कितीतरी दिवसांनी दात दिसतील असा हसला. मालक रावेरच्या दिशेने निघून गेला. संध्याकाळी भावजयीने शेवभाजी केली. वाढता वाढता म्हणाली, "राहू दे शेड." एवढंच. पण आनंदाचा मागमूस तिच्या चेहऱ्यावर नव्हता. दमली असेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाल गाडी ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून परत आली. रावेरच्या पुढे झटके द्यायला लागली, मग उभी राहिली की बंद पडायची. मालक रागावलेला नव्हता. ओढून आणल्याची लाज मात्र वाटत होती त्याला.

भावाने बॉनेट उघडलं, क्लॅम्प सैल केला, पाइपात बोट फिरवलं. बोट तेलाने माखलं. सेन्सर काढून उजेडात धरला, तोही ओला. फिल्टरवरचं जादा तेल हवेबरोबर ओढलं जाऊन सेन्सरवर बसलं होतं, निदान व्हायला वेळ लागला नाही.

"याला तेल कोणी लावलं?" त्याने विचारलं.

मला थट्टा वाटली. मी हसलेसुद्धा.

तो मालकाकडे वळला. "तू लावलं ना? घरात ट्रॅक्टरचा कॅन पडलेला असेल, घेतला आणि ओतला. अरे बाबा, हा फिल्टर कंपनीतूनच तेल लावून येतो. आमच्या अक्काने काल वाचून दाखवलं. विचार तिला."

"भाऊ, मी बॉनेटसुद्धा उघडलं नाही."

"मग काय तेल स्वतःहून आलं चालत?"

मालक माझ्याकडे पाहत राहिला. मी भावजयीकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. ती दचकली नव्हती.

पाणी आणायच्या निमित्ताने मी तिच्यामागे घरात गेले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दवाखान्यातून आल्यापासूनच. दोनदा अंघोळ करतात. जेवून उठतात आणि ताट मागतात. परवा कपडे घालून जळगावला निघाले तपासणीला, आदल्या दिवशीच जाऊन आलो होतो." तिने तांब्या भरला. "मी सगळ्यांना हात सांगत राहिले, अक्का. हात म्हटलं की लोकांना कळतं. हे कसं सांगायचं?"

बाहेर भाऊ कामाला लागला होता. मालकाला त्याने भुसावळला पिटाळून सेन्सर साफ करायचा स्प्रे आणवला. फिल्टर साबणाच्या पाण्यात धुतला, झटकला, सावलीत वाळवला. सेन्सरच्या तारेला बोट न लावता फवारा मारला, सुकू दिला, पुन्हा बसवला. एकही चूक नाही. दुपारनंतर गाडी सुरळीत सुरू झाली. मालक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "भाऊ, हात तर एकदम पक्का आहे तुमचा."

तो गेला. ठरल्याप्रमाणे भाऊ जिंकला होता.

मी रात्रीपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. अशी गोष्ट लांबवली की ती सांगायची राहते, आणि उद्या त्याच्याकडे गाडी येणार होती, नंतर ट्रॅक्टर येणार होता, त्यावर माणसं बसणार होती. शेडमधल्या बाकावर त्याच्या शेजारी बसले. भावजय दारात उभी होती.

"तेल तू लावलंस," मी म्हटलं.

"मी?"

"तू. काल. मी दोनदा वाचलं तरी. खिळ्याला टांगून निथळवलंसही."

त्याने भिंतीकडे पाहिलं. खिळ्याखाली जमिनीवर तेलाचा ताजा डाग होता. उठून तो तिथे गेला, वाकला, डाव्या हाताची बोटं त्या डागावरून फिरवली आणि नाकाजवळ नेली.

"आणखी काय?" त्याने विचारलं. माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहून.

तिने सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "हात बरा होतोय ना पण?"

"हात बरा होतोय," ती म्हणाली.

मला तेव्हाही उपाय सुचत होते. मी म्हटलं, प्रत्येक कामाची पायरी लिहून देते, झाली की पुढे खूण करायची, काही सुटणार नाही. आमच्या कार्यालयात असंच चालतं.

"खूण मीच करणार ना, अक्का?" तो म्हणाला. "काम न करताच केली तर?"



तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आत वळला, मागे केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली. ओळखीचा शेतकरी होता. उतरता उतरताच म्हणाला, "भाऊ, ब्रेक पार खालपर्यंत जातोय. बघा ना जरा. आज माल टाकायचाय."

भाऊ उठला. पाय ओढत ट्रॅक्टरपाशी गेला, हाताने पेडल दाबून पाहिलं. एकदा, पुन्हा एकदा. वाकून खाली बघितलं. त्याला कळलं होतं काय झालंय, ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं. मग तो सरळ झाला आणि दोन पावलं मागे आला.

"दुसरीकडे दाखव."

"का? गावाला जाताय का?"

"माझ्याने होणार नाही आता."

"हाताचं म्हणता का? अहो, पाना मी फिरवतो. तुम्ही नुसतं सांगा."

"सांगणंच होणार नाही."

शेतकऱ्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली.

भाऊ म्हणाला, "ट्रॉली इथंच सोड. भरल्या ट्रॉलीने उतारावर थांबणार नाही तो. पहिल्या गिअरमध्ये हळू जा, फैजपूरच्या रस्त्याला गॅरेज आहे."

शेतकरी मागे गेला, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन ओढायला लागला. पिन अडकली होती, त्याने लाथ मारून ती मोकळी केली.

"ट्रॉली इथंच सोड बरं का," भाऊ म्हणाला. "पहिल्या गिअरमध्ये हळू जा."

"सोडली ना, भाऊ," तो म्हणाला, आणि हातातली पिन आम्हाला दाखवली.