आमच्या भाऊजींचं शिसं

माझ्या आयुष्यात मला जेवढा म्हणून राग आला, त्यातला बारा आणे राग एकट्या आमच्या भाऊजींनी आणला. उरलेल्या चार आण्यांत आमचे हे, दूधवाला आणि विश्रांतवाडीला कधीही वेळेवर न आलेली बस, असे सगळे मिळून येतात. लोक मला म्हणायचे, "अहो, इतका साधा माणूस, त्याच्यावर कसलं रागावता?" साधा! आवाज चढवायचा नाही, उलट उत्तर द्यायचं नाही, समोरचा तावातावाने बोलत असला की चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसायचं. अशा माणसाशी भांडायची सोयच नसते. पाच मिनिटांनी आपल्या लक्षात येतं की घरात एकटे आपणच ओरडतो आहोत, आणि शेजारच्या खिडकीत दोन डोकी आली आहेत.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, लग्न केलं नाही, आणि आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचे. इथवर कुणाला काही तक्रार नसावी. पण ह्यांच्या आजोबांचं एक ठासणीचं पिस्तूल होतं, त्याचा परवाना भाऊजींच्या नावावर होता. ठासणीचं म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, मग कुठे एक बार निघायचा. दुसऱ्या बाराला पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि ह्या पिस्तुलाला लागणाऱ्या गोळ्या काही दुकानात मिळत नाहीत. त्या घरी ओताव्या लागतात. घरी म्हणजे कुठे? माझ्या स्वयंपाकघरात!

दर दसऱ्याला गावाबाहेरच्या एका मैदानावर अशीच जुनी हत्यारं बाळगणारी हौशी मंडळी जमायची आणि नेमबाजीची स्पर्धा व्हायची. तिथला कप एकदा तरी घरी आणायचा, ह्यापलीकडे भाऊजींना जगात काही नको होतं. बढती नको, बायको नको, कप हवा. आणि दरवर्षी ते शेवटून पहिले किंवा दुसरे यायचे. एका वर्षी त्यांची गोळी शेजारच्या माणसाच्या निशाणावर बरोबर मधोमध लागली आणि त्या गृहस्थाला बक्षीस मिळालं. भाऊजी त्याचं अभिनंदन करून घरी आले. "नेम चांगला होता, वहिनी," मला म्हणाले, "फक्त पत्ता चुकला."

हरण्याचं खापर ते ना हातावर फोडत ना डोळ्यांवर. सगळा दोष शिशाचा. "शिसं शुद्ध नाही, वहिनी." ह्या एका वाक्यावर त्यांनी माझ्या संसाराची वीस वर्षं खाल्ली. शुद्ध शिशासाठी हा माणूस जुन्या नळांचे तुकडे गोळा करत पेठापेठांतून हिंडायचा. एकदा विजेच्या मीटरवरचं शिशाचं सील काढून वितळवलं. मीटर बघायला माणूस आला तेव्हा मीच दारात. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी रात्रीची वीज चोरून पापड लाटते. भाऊजी शांतपणे खाली आले आणि त्याला म्हणाले, "आपलं शिसं फार उत्तम असतं हो." मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शिसं वितळवायला पळी लागते. माझी आमटीची लोखंडी पळी एका सकाळी गायब झाली, ती गच्चीवर स्टोव्हवर सापडली. मी म्हटलं, "शिसं विषारी असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" तर म्हणाले, "म्हणून तर परत नाही आणून ठेवली." गोळीभोवती गुंडाळायला चिंधी लागते, म्हणून ह्यांचे धुतलेले बनियन दोरीवरूनच कातरले जायचे. चिंधीला वंगण लागतं, तर त्यासाठी माझं साजूक तूप! "तेलाने काजळी धरते," हे वर. आणि हात स्थिर व्हावा म्हणून रोज पहाटे गच्चीत पाण्याने भरलेला तांब्या एका हातात धरून, हात सरळ पुढे करून उभं राहायचं. समोरच्या बाईंचा समज असा की दीर मोठे सूर्योपासक आहेत. त्या रस्त्यात मला थांबवून त्यांच्या भक्तीचं कौतुक सांगायच्या आणि मी दातओठ खात ऐकून घ्यायची.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागतात. मग भाऊजींचं जेवणावरून लक्ष उडायचं. येरवड्याच्या चौकीवर ते दर आठवड्याला पिस्तुलाला भेटायला जायचे, सोबत तुपाची वाटी. तूप अर्थातच माझं. एकदा मला बाजारात जायचं होतं म्हणून मीही बरोबर गेले, तर तिथला हवालदार मला हात जोडून म्हणाला, "काळजी करू नका बाई. लेकरू बरं हाय त्यांचं." मी घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, तुमच्या भावाला एक तर वेड्यांच्या इस्पितळात टाका नाहीतर मला. हे वर्तमानपत्रातून मान वर न करता "हूं" म्हणाले. ह्यांच्या ह्या "हूं"बद्दल आता सांगायचं आहे, कारण पुढचं सगळं महाभारत त्यानेच घडवलं.

माझे वडील, अण्णा, शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशात दुसरे धातू मिसळून ओतलेला एकेका अक्षराचा खिळा उचलून ओळी जुळवायच्या, छपाई झाली की ओळ मोडून खिळे आपापल्या खणात परत टाकायचे, हे त्यांनी जन्मभर केलं. जुळवलेली ओळ मोडायची हाच धंद्याचा नियम. तो त्यांनी एकदाच मोडला. माझी लग्नपत्रिका त्यांनी स्वतः जुळवली होती, आणि तिच्यातली माझ्या आणि ह्यांच्या नावाची ओळ त्यांनी मोडली नाही. मालकांना सांगून, सुतळीने बांधून घरी आणली, बिस्किटाच्या डब्यात ठेवली. दर खंडेनवमीला, आपापली हत्यारं पूजतात त्या दिवशी, अण्णा तो डबा पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे. मी थट्टा करायची, "अण्णा, नावं उलटी आहेत." ते म्हणायचे, "कागदावर सरळ उमटतात ना? झालं तर."

अण्णा गेले त्या वर्षी आईने तो डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, पूजेत ठेवत जा. मी खंडेनवमीला पाट मांडला. एका बाजूला भाऊजींचं पिस्तूल, गोळ्यांचा साचा आणि त्यांचा शिशाचा डबा, दुसऱ्या बाजूला माझी विळी, शिवणयंत्राची कात्री आणि अण्णांचा डबा. दोन्ही डबे बिस्किटांचेच. पूजा केली आणि आईकडे शनिवार पेठेत निघून गेले, कारण अण्णांच्या मागे तिचा तो पहिला दसरा होता.

दसऱ्याला संध्याकाळी परत आले तर भाऊजी फाटकात उभे. हातात आपट्याची पानं आणि कप! हो, कप. पितळेचा, दोन कानांचा. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "वहिनी, इतकी वर्षं मी उलटा चाललो होतो! आपली नळी झिजलेली. शुद्ध शिसं निवताना आक्रसतं, गोळी सैल बसते, भरकटते. हे शिसं आक्रसलंच नाही! गोळी कशी घट्ट, कशी टणक! सगळ्या मधोमध गेल्या, वहिनी, सगळ्या!" मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? साखर आणायला आत वळले. वळता वळता विचारलं, "कुठलं शिसं म्हणायचं हे?"

"पाटावरच्या डब्यातलं. आतले खिळे बघून मला वाटलं, दादानेच माझ्यासाठी जुन्या बाजारातून आणलेत. त्याला विचारलंसुद्धा, घेऊ का म्हणून. तो हूं म्हणाला."

पुढे मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. पूजेला मांडलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावत नाहीत, इथून सुरुवात झाली आणि ह्यांच्या खानदानापर्यंत जाऊन पोहोचली. "माझ्या बापाने आयुष्यात एक ओळ स्वतःसाठी ठेवली होती, एक! ती तुम्ही मातीच्या ढिगाऱ्यात उडवलीत!" भाऊजींनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसेच उभे राहिले. हे वर्तमानपत्राची घडी करून "अगं, पण" म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी घडी पुन्हा उलगडली.

त्या दिवसापासून मी भाऊजींशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, शब्द नाही. पहिल्याच रविवारी माझी रव्याची चाळण नाहीशी झाली. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, ह्या माणसाला लाज म्हणून नाही. ती संध्याकाळी परत आली, लाल मातीने भरलेली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ह्यांनीच शेवटी मला सांगितलं, की तो मैदानावर जातो, निशाणामागचा मातीचा बांध उकरतो आणि माती चाळतो. बांधात सगळ्यांच्याच गोळ्या होत्या. पण मऊ शिशाच्या गोळ्या आपटून चपट्या होतात आणि खिळ्यांच्या टणक, त्या पुष्कळशा गोलच राहतात. म्हणून ओळखू येत होत्या. ऊन मी मी म्हणत होतं, आणि हा मनुष्य त्या बांधासमोर उकिडवा बसून एकेक गोळी वेचत होता. हे ऐकून तर मला आणखीच संताप आला. माणसाने धड रागावूही देऊ नये म्हणजे काय?

संक्रांतीला ते खाली आले आणि अण्णांचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्याला सुतळी बांधलेली. आत गोळ्या, धुऊन पुसून ठेवलेल्या, दोनचार चेपलेल्या, एक दुभंगलेली. म्हणाले, "अक्षरं काही मला परत आणता येत नाहीत, वहिनी. वजन मात्र बरोबर आहे." मी तीन महिन्यांनी तोंड उघडलं ते म्हणायला, "तिळगूळ घ्या." गोड बोलायचं काही म्हटलं नाही.

आता ऐका, खरा राग पुढे आहे. त्याच वर्षांत पुण्यातले जुने छापखाने पटापट बंद व्हायला लागले. नवी यंत्रं आली, खिळे कुणाला नकोत. जुन्या बाजारात खिळ्यांचे ढीग पडले, भंगारवाले किलोवर घेऊन वितळवायला न्यायचे. म्हणजे कप जिंकायचा मसाला रस्त्यावर लोळत होता! आणि भाऊजी? दर दसऱ्याला आपले नळांचे तुकडे, मीटरची सीलं, मऊ, शुद्ध शिसं. गोळी सैल, नेम गावभर, नंबर शेवटून पहिला. मी दोन वर्षं पाहिलं. तिसऱ्या वर्षी ते जुन्या बाजारातून पिशवीभर खिळे घेऊन आले, तेव्हा मला हायसं वाटलं. मीच गच्चीवरून ती पळी आणली, त्यांच्यापुढे आपटली आणि म्हटलं, "घ्या. वितळवा आणि आणा एकदाचा कप."

ते पिशवी घेऊन जिन्याकडे निघाले. "नाही, वहिनी. हे ओतायचे नाहीत."

"अहो, हे माझ्या वडिलांचे नाहीत! बाजारातले आहेत!"

"बाजारातले आहेत," भाऊजी म्हणाले, "पण कुणाच्या तरी वडिलांनी जुळवलेलेच असतील ना?" आणि वर निघून गेले.

मी मागून ओरडले. हट्टी म्हटलं, मूर्ख म्हटलं, माझ्यावर उपकार करू नका म्हटलं. मला तो कप त्यांना मिळायला हवा होता हो! वीस वर्षं माझं तूप खाल्लेलं पिस्तूल ते. गुपित कळलेला माणूस, आणि दरवर्षी जाणूनबुजून हरून यायचा, फाटकात आपट्याची पानं द्यायचा आणि म्हणायचा, "शिसं जरा शुद्ध पडलं, वहिनी." मी पानं घ्यायची आणि दार आपटायची. पुढे हात कापायला लागला, तांब्यातलं पाणी गच्चीभर सांडायला लागलं, तरी जायचे. शेवटी परवाना परत केला. पिस्तूल चौकीवर द्यायला मीच बरोबर गेले. तुपाची वाटी त्या दिवशी न मागता मीच घेतली होती.

मागच्या माघात भाऊजी गेले. महिन्याभराने मी गच्चीवरची खोली आवरायला घेतली. कॉटखाली पोती होती. एक ओढायला गेले, हलेना. सोडलं तर आत खिळे. सगळ्या पोत्यांत खिळे. इतक्या वर्षांच्या रविवारचे, भंगारवाल्यांच्या भट्टीतून सोडवून आणलेले, पुसलेले, जाडे वेगळे, बारीक वेगळे. एवढं ओझं माझ्या डोक्यावर, स्वयंपाकघराच्या बरोबर वर, आणि मला पत्ता नाही! स्लॅब खाली आला असता म्हणजे? आणि आता ह्याचं मी करू काय? मी त्या खोलीत एकटीच मोठमोठ्याने त्यांना बोलत राहिले. चष्मा पुसायला समोर कुणी नव्हतं.

ह्यांनी मग भंगारवाल्याला बोलावलं. त्याने पोत्यात हात घातला, मूठभर खिळे काढून तळहातावर तोलले आणि म्हणाला, "चांगला माल आहे, काकू. सगळा उचलतो. लगेच वितळवायला जाईल." मी त्याच्या हातातले खिळे काढून घेतले, पुन्हा पोत्यात टाकले, पोत्याचं तोंड बांधलं आणि त्याला जिना दाखवला. तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे "हूं" म्हणाले. खंडेनवमीला आता पाटावर जागा पुरत नाही, म्हणून मीच वाटीत हळदकुंकू घेऊन वर जाते.