जमनाच्या तीन जन्मतारखा

हे मी आठ दिवसांपूर्वीच लिहिणार होतो. रोज मोबाईल हातात घ्यायचो आणि कुणीतरी चिकूचा टेम्पो भरायला हाक मारायचं, नाहीतर मीच कुठेतरी निघून जायचो... आज शाळेच्या पायरीवर बसलोय आणि पोस्ट संपल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

सध्या मुक्काम डहाणूजवळच्या रानशेतला. मित्राकडे चार दिवसांसाठी आलो होतो, तिसरा महिना चालू आहे. इथल्या शाळेचे गुरुजी एकदा म्हणाले, "तू तसा मोकळाच दिसतोस, मुलींचे फॉर्म भरून देतोस का?" मोकळा होतोच... बारावी अर्धवट सोडल्यापासून मोकळाच आहे.

चौदा वर्षांखालच्या मुलींची खो-खो स्पर्धा. बारा मुली, ऑनलाइन फॉर्म. अकरा फॉर्म गेले आणि बारावा अडकला, तो नेमका जमनाचा. जमना म्हणजे आमची अर्धी टीम... खांबाला वळसा मारते तेव्हा ती दिसतच नाही, मागून फक्त वेणी येताना दिसते.

झालं असं, की शाळेत तिची जन्मतारीख एक जून. इकडे घरच्यांना तारीख आठवत नसली की शाळेत एक जून लिहितात, अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. आधार काढताना मात्र लागली एक जानेवारी. बाकीच्या मुलींकडे जन्मदाखले होते म्हणून त्या सुटल्या... जमना घरी जन्मलेली, तिच्याकडे दाखलाच नाही.

स्पर्धेच्या डहाणूच्या ऑफिसातल्या मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पोरगी वर्षातून दोनदा जन्मली का?" मागची रांग हसली, मीही हसलो. मग म्हणाल्या, "जन्मदाखला आणा, नाहीतर अकराच खेळवा."

रानशेतच्या ग्रामपंचायतीत त्या वर्षाचं अख्खं रजिस्टर चाळलं... नोंद नाही. मग प्रतिज्ञापत्र करून नेलं. मॅडम म्हणाल्या, "हे चालवलं तर उद्या लग्न झालेल्या बाया आणाल खेळायला." तिसऱ्या वेळी नुसती विनंती करायला गेलो तर ऑफिस दुपारी उघडणार होतं, म्हणून तेवढ्यात नरपडला समुद्रावर जाऊन आलो... म्हणजे यायला हवं होतं. तिथे एका मावशीने बोंबील वाळत घालायला बसवलं. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकायचे, इतकं छान जमायला लागलं की डहाणूला पोचलो तेव्हा ऑफिसला कुलूप.

परत आलो तर जमना वाटेतच उभी. माझं तोंड बघून म्हणाली, "दादा, नाय झालं तरी चालंल. मी पाण्याच्या बाटल्या धरीन." हाताला बोंबलांचा वास येत होता आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिच्या घरी माफी मागायला गेलो. तिची आई चिकूच्या वाडीतून नुकतीच कामावरून आलेली, तिने कोरा चहा दिला. मी सवयीप्रमाणे भलतंच बोलत बसलो... पाऊस, कोंबड्या, आणि मग सहज, "काकी, तुमचं माहेर कुठलं?"

"तलासरीकडं. जमना तं तिथंच झाली, पयली पोर आयचे घरी."

मी कप खाली ठेवला. "अहो, हे आधी का नाही सांगितलं?"

"मना कोनी इचारलाच नाय."

खरंच होतं. गुरुजींना विचारलं, तिच्या वडिलांना विचारलं, दोन ऑफिसं पालथी घातली... फक्त जिने जन्म दिला तिला कुणी विचारलं नाही. माझ्या ताईचं पहिलं बाळंतपणही आमच्याच घरी झालंय, तरी डोक्यात आलं नाही!

दुसऱ्या दिवशी फॉर्मची मुदत संपत होती. काकी कामावर गेल्या नाहीत, सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघं तलासरीकडे. ग्रामपंचायत गाठेपर्यंत दुपार झाली, तिथले ग्रामसेवक डबा उघडून बसले होते, तो तसाच झाकून त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. आणि सापडलं... आईचं नाव, वडिलांचं नाव, मुलगी, दिवाळीच्या आठवडाभर आधीची तारीख. खबर देणाऱ्याच्या जागी जमनाच्या आजीचा अंगठा.

बाळाच्या नावाचा रकाना मात्र कोरा. बारसं नंतर रानशेतला झालं आणि नाव सांगायला परत कुणी गेलंच नव्हतं. काकींना वाचता येत नाही, त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं काय लिवलाय?"

"काही नाही, काकी. जागा ठेवलीय."

"मंग लिवा ना... जमना."

ग्रामसेवकांनी अर्ज लिहून घेतला, नाव भरलं, दाखला दिला, आणि मगच जेवले. त्यांचे आभार. एक दिवस बुडवून आलेल्या काकींचे आभार. आणि ज्यांना मी कधी बघितलं नाही त्या आजीचे, कारण तेव्हा त्या चालत जाऊन अंगठा देऊन आल्या नसत्या तर आम्ही काय शोधणार होतो?

संध्याकाळी दाखला मॅडमपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "ऑनलाइन बंद झालं आता. वर विचारते, परवानगी आली तर तिचं खेळाडूचं ओळखपत्र निघेल." मी बाहेर येऊन त्यांना मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

त्याला आठ दिवस झाले. खरं तर निकाल लागल्यावर लिहू, म्हणूनही टाळत होतो... उद्या सकाळी स्पर्धा आणि ओळखपत्राचा पत्ता नाही. जमना तरी समोर पळतेय, कुणीच तिला थांब म्हणालेलं नाही. एक मात्र शिकलो, कागद शोधायला निघण्याआधी माणसाशेजारी बसून चहा प्यावा. मला तेवढंच नीट जमतं, आणि तेच कामाला आलं.

एक मिनिट... शाळेच्या फाटकाशी स्कूटी थांबली. आज रविवार, आज कोण? हेल्मेट काढून चष्मा लावला...

अरे, मॅडम! हातात पाकीट आहे आणि मोठ्याने विचारतायत, "दोनदा जन्मलेली ती पोरगी कुठली रे?"