वीतभर आखूड दांडा

ज्याने उभी नोकरी केवळ टिप्पण्या लिहिण्यात घालवली, त्याने निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसावे हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. परंतु एका सुतळीविषयी मला लिहिणे भाग आहे.

नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस होते. विज्ञानाची पदवी घेऊन मी येलदरीच्या जलाशयावरील एका मच्छीमार संस्थेत कारकून झालो होतो. संस्थेच्या एकुलत्या मोटारबोटीचा दांडा, म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारी लोखंडी कांब, बुडालेल्या बाभळीच्या खोडावर आदळून विळ्यासारखा वाकला. बोट चालवणारे काका हवालदिल झाले. पाच दिवसांवर त्यांच्या लेकीचे लग्न होते, आणि पलीकडच्या काठावरचे वऱ्हाड मोटारबोटीने आणीन, असा शब्द ते व्याह्यांना देऊन बसले होते.

वाकलेल्या दांड्यावरून लांबी कळेना. "सायब, तुमी शिकलेले. माप तुमीच घ्या," काका म्हणाले. मी इंजिनापासून पंख्याच्या जागेपर्यंत सुतळी ताणली, दोन्ही टोकांच्या खुणेवर गाठी मारल्या, जाडीसाठी जुन्या दांड्याचा तुकडा पिशवीत टाकला आणि परभणीच्या लेथवाल्याकडे निघालो.

एसटीत शेजारी एक आजीबाई होत्या. त्यांच्या टोपलीतून एक कोंबडी सारखी मान बाहेर काढीत होती.

"भाऊ, दे की जरा ती सुतळी. जिंतूरपस्तोर. कोंबडी लय वाह्यात हाय."

"त्याचं असं आहे, ही सुतळी म्हणजे..."

"सुतळीच हाय न्हवं? का सोन्याचा गोफ हाय?"

सारी बस हसली. मी सुतळी दिली. जिंतूरला आजीबाईंनी कोंबडी लेकीच्या हवाली केली आणि सुतळी माझ्या हातात ठेवली.

"घे. एक गाठ सुटली व्हती. जशीच्या तशी मारून देली बघ."

त्यांच्या 'जशीच्या तशी'वर शंका घेणे मला उद्धटपणाचे वाटले. माघारी जाऊन पुन्हा माप घ्यावे, तर त्या दिवसांत दुसरी बस सुटेलच याची खात्री नव्हती. लेथवाल्याने गाठींबरहुकूम दांडा घडवला. तो वीतभर आखूड निघाला.

काकांनी लेथवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. मग "दांडा वाढंना, तर इंजिनच मागं घेऊ," म्हणत त्यांनी इंजिन वीतभर मागे सरकवून बसवले. बोट चालू लागली. मात्र मागून दबून, तोंड आभाळाकडे करून.

लग्नाच्या दिवशी काकांनी वऱ्हाडावर एकवार नजर फिरवली आणि त्यांतील सर्वांत वजनदार गृहस्थाला, म्हणजे खुद्द व्याह्यांनाच, हात जोडले.

"तुमी म्होरं बसा. आमच्याकडं मान म्होरचा असतोय."

असा काही मान नव्हता. व्याही मात्र खुलले. त्यांच्यासारखेच भरघोस दोन भाऊ त्यांच्याशेजारी विराजमान झाले, तेव्हा बोट सरळ झाली. नवरदेव मागे, इंजिनाच्या धुरात. पुढे त्या काठावर वरपित्याला टोकावर बसवण्याची रीतच पडली.

काका आता ऐंशीच्या घरात आहेत. भेटीला गेलो की चहा पाजतात आणि न चुकता म्हणतात, "सायब, तुमचं माप बरोबर व्हतं. त्या लेथवाल्यालाच गाठ दिसली न्हाई." त्या माणसाला त्यांनी पुन्हा कधी काम दिले नाही. मी बशीत पाहत राहतो.

कोंबडीची हकीकत मी त्यांना आता तरी सांगावी का?